नंदूचं शेल आणि मी चिकटवलेल्या ओळी

नंदू गेल्याचा फोन आला तेव्हा मी दहिवलीला, मी शिकवतो त्या मुलींच्या शाळेत, त्याच्याच नावानं बोटं मोडत बसलो होतो. टायपिंगचं सॉफ्टवेअर बसत नव्हतं आणि हा फोन उचलत नव्हता... का उचलत नव्हता, ते मग कळलं.

शिळफाट्याला त्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान. शाळेच्या दहा जुन्या संगणकांवर त्यानं विंडोजऐवजी फुकटचं लिनक्स घातलं आणि आज्ञा लिहायच्या काळ्या खिडकीत नेहमीच्या बॅशऐवजी फिश नावाचं शेल, म्हणजे लिहिलेली आज्ञा वाचून ती पाळणारा प्रोग्राम, बसवलं. का, तर अर्धी आज्ञा लिहिली की पुढची पुसट अक्षरांत दिसते, मुली घाबरत नाहीत. मुली खूश, पण माझं डोकं फिरायचं. इन्स्टॉलची कुठलीही स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची तयार फाईल, घ्या, दुसऱ्या ओळीलाच चूक दाखवणारी लाल अक्षरं! मी चिडून फोन करायचो, तो ‘येतो रं’ म्हणून स्कूटर काढायचा आणि दहा मिनिटांत काम उरकायचा. काय केलंस विचारलं तर नुसता हसायचा. त्या हसण्याचाही मला राग यायचा.

शेवटच्या भेटीत माझा तोल गेला. भर वर्गात मुलींसमोर मी म्हणालो, “याला काही येत नाही. सगळे संगणक पुसून टाकू.” तो स्कूटर काढून निघून गेला. पुसायचा दिवसही ठरला, पण तोवर मुलींना टायपिंग तरी हवं होतं.

त्याच्या बाराव्यानंतर पुन्हा बसलो. वैतागून या वेळी नुसतं फाईलचं नाव लिहून अख्खी फाईलच चालवली... आणि सॉफ्टवेअर बसलं. मला बॅशमधून चालवा, असं स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत लिहिलेलं होतं. मी मात्र सवयीनं फाईल उघडून तिच्या ओळी फिशच्या खिडकीत चिकटवत होतो, आणि बॅशची भाषा फिशला कळत नाही. तीन वर्षं! नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. आता चिडायचं तरी कुणावर?

संगणक पुसणं थांबवलं आणि तडक त्याच्या घरी गेलो. वहिनींना सगळं सांगितलं.

“त्यांना ठाव व्हतं, भावजी,” त्या म्हणाल्या. “मी म्हनायची, सांगून टाका की. तर म्हनायचे, पोरींचा मास्तर हाय तो. त्यांच्यासमोर त्याला कसं सांगू?”

सोमवारी त्याच वर्गात, त्याच मुलींसमोर उभा राहून मी माझी चूक सांगितली. नंदू ऐकायला नव्हता.