पत्रकात राहून गेलेली ओळ

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. वडील मोर्चातून, जयंतीतून घेऊन यायचे. मी त्यांवरच वाचायला शिकले. म्हणून परभणी स्टेशनचा इतिहास लिहायचं मनात आलं तेव्हा पत्रकच छापलं. हैदराबादची राजवट, छोटी लाइन, परळीकडे फुटलेला फाटा, मग मोठी लाइन. शीर्षक दिलं, 'स्टेशन सगळ्यांचं'. सेलूकडून येणाऱ्या दुपारच्या गाडीला वाटायचं होतं.

आधी फलाटावर आत्याला बसवून मोठ्यानं वाचायला घेतलं. आमच्याकडची रीतच आहे. ज्याला वाचता येत नाही त्याला पत्रक ऐकवायचं. त्याला पटलं नाही तर ते तसंच वाटायचं नाही.

"हे स्टेशन हैदराबादच्या राजवटीने बांधले..."

आत्यानं हात वर केला. "टोपली उचलली व्हती का राजवटीनं?"

"आत्या, तसंच लिहितात."

"कोन लिहितंय? हा फलाट वाढवला तवा माझी आई मुरूम वाहत व्हती. मी ढिगावर बसून चिंचा खायची. तुझ्या ह्या 'सगळ्यांच्यात' ती कुठं हाय?"

तिची आई म्हणजे माझी आजी! मी तिला कधी पाहिलं नाही, आणि हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. राजेरजवाड्यांना शिव्या घालत वाढलेल्या मीच अख्खं स्टेशन राजवटीला देऊन टाकलं होतं.

गठ्ठा मांडीवर ओढला आणि एकेका प्रतीवर पेनानं लिहीत सुटले: 'मुरूम वाहून हा फलाट ज्या बायांनी भरला, त्यांत माझी आजी होती.' निम्मंही झालं नव्हतं. इतक्यात घोषणा झाली, गाडी उशिरा. सगळा फलाट करवादला. मी आनंदानं उडीच मारली.

बाकड्यावर झरीचे एक गुरुजी बसले होते. त्यांनी खिशातलं पेन काढलं. "द्या इकडं. पण 'माझी आजी' कसं लिहू? आजी तर तुमची."

"लिहा की गुरुजी," मागून पेडगावचा एक शेतकरी म्हणाला. "आन मला बी द्या धा-वीस. आमची आजी बी यायची हितं मुरूम टाकायला. खोटं न्हाई लिहीत मी."

गाडी आली तेव्हा शेवटच्या प्रतीवरची शाई वाळायची होती. गठ्ठा उचलून उठते तर आत्या माझ्याआधी डब्याच्या दाराशी! उतरणाऱ्या पहिल्याच बाईच्या हातात पत्रक कोंबत म्हणाली,

"घे माय. माझी आई हाय ह्याच्यात."