सहा वेळा ‘काय आहे ना’

कॉलेजच्या भाषा विभागात माझ्या मावशीबद्दल एक आवई उठलेली आहे. म्हणे ती कागद हुंगते आणि कोणी लिहिलाय ते सांगते. खरं एवढंच, की तिच्या चष्म्याचा नंबर वाढलाय आणि नवा चष्मा करायला ती चालढकल करते, म्हणून कागद नाकाला टेकतो. अक्षराकडे तर ती ढुंकूनही बघत नाही.

मावशी तिथे एकतीस वर्षं टायपिस्ट आहे. लिहिलेला मजकूर कसा तपासायचा, यावरचे सगळे प्रबंध तिच्या बोटांखालून गेले. कोण बारके शब्द किती वेळा वापरतं, आधी काय सांगतं, मागून काय, एका वाक्यावरून दुसऱ्यावर कसं जातं. प्रबंधवाले डॉक्टर होऊन गेले, विद्या मावशीकडे राहिली. “पदवी त्यांना, पाठदुखी मला,” असं ती म्हणते.

त्या शनिवारी विभागप्रमुख सरांनी तिच्यापुढे एक कागद आपटला. शिपाईकाकांच्या नावाने केलेला, टाईप केलेला अर्ज. सर दुपारी डुलकी काढतात तेव्हा दाराशी पहारा देतो, त्याचा भत्ता मिळावा!

“फायलींत सापडला. फायली माझ्या टेबलावर कोण आणतो? तोच. आणि हे ‘काय आहे ना’ कोणाच्या तोंडचं? हातच्या कंकणाला आरसा कशाला! सोमवारी कमिटी त्याला काढणार. तेवढा तुमचा शेरा द्या.”

जिन्याखाली शिपाईकाका उभे होते. बुधवारपासून त्यांना कामावर घेतलं नव्हतं, आणि रिटायर व्हायला दोनच वर्षं उरली होती.

“ताई, काय आहे ना... मी नाही हो लिहिलं. घरी सांगितलेलं नाही अजून. डबा घेऊन निघतो, बागेत बसतो, पाच वाजता परत जातो.”

“डबा तरी खाता ना?”

“कुत्र्याला घालतो.”

रविवारी सकाळी मावशीने काकांचे जुने रजेचे अर्ज जेवणाच्या टेबलावर मांडले. तेवीस अर्ज. काकांची मागणी नेहमी पहिल्या ओळीत, कारण नंतर. या अर्जात आधी दीड पान किस्सा, मग मागणी. आणि तेवीस अर्जांत ‘काय आहे ना’ एकदाही नाही. हातात पेन आलं की काका बोलण्यातलं सगळं बाहेर ठेवून आत यायचे. या एका अर्जात सहा वेळा. ‘माणूस स्वतः इतका स्वतःसारखा कधीच नसतो,’ तिच्या मनात आलं. ‘नक्कल करणाराच असतो.’

इथेच थांबली असती तर बरं झालं असतं. पण सर विचारणार होते, मग कोणाचा? पेन्सिल अर्जाच्या पुढच्या ओळीवर सरकली: ‘मी दार धरतो, मी फोन धरतो, आणि साहेब घोरतात तेव्हा मी माझं हसू धरतो.’

तेवढ्यात शेजारच्या खोलीत मी, नेहमीसारखी कोणाची तरी नक्कल करत, आईला हसवत होते: “बाबा चावी शोधतात, चष्मा शोधतात, आणि दोन्ही सापडले की भांडण शोधतात!”

पेन्सिल थांबली. दोन गोष्टी सरळ सांगायच्या, तिसरी आपटायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मंगळवारी तिनेच ऑफिसच्या फायली घरी आणल्या होत्या, नियमात बसत नसताना. तिच्याच कॉम्प्युटरवर मी बसले होते, आणि काकांचं बोलणं मी कॉलेजात येता-जाता ऐकलेलं होतं. नाव सांगितलं तर भाची आणि स्वतःची नोकरी, दोन्ही अडचणीत. लपवलं तर बागेतला तो डबा. तिने शेरा लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. मग हाक मारली. आवाज इतका हळू, की मला त्याची नक्कल सुचलीच नाही.

“हे तुझं?”

“गंमत होती गं. तुझ्यासाठी छापलं होतं, फायलीत कधी गेलं कळलंच नाही.” माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. “आपली पैज होती ना, कोणाच्याही तोंडचं लिहीन आणि तुला ओळखू येणार नाही...”

“हरलीस तर काय ठरलं होतं?”

“एक दिवस फक्त माझ्या आवाजात बोलायचं.”

“तो दिवस उद्या.”

सोमवारी कमिटीसमोर मावशीने आधी स्वतःची चूक सांगितली, मग शेरा वाचला आणि मला पुढे केलं. मी सांगितलं. फार थोडं, तेही अडखळत. सरांनी मावशीला मेमो दिला. फायली घरी नेणं कायमचं बंद. काकांना त्याच दुपारी कामावर घेतलं.

मी माफी मागायला गेले तेव्हा ते पाण्याचे ग्लास विसळत होते. “असू दे, बाळ,” म्हणाले. पुढे काहीतरी त्यांच्या ओठांवर आलं, आणि त्यांनी ते गिळलं. त्या दिवसापासून काका ‘काय आहे ना’ म्हणत नाहीत. मावशी रोज कान देऊन असते.

पैज एका दिवसाची होती. हरून महिना झाला, मी अजून माझ्याच आवाजात बोलतेय.