स्थलांतराच्या तासाला

गावाकडं आलं की पहिले दोन दिवस मी नुसता झोपतो. तमिळनाडूतल्या एका लहान गावात माझं गलाईचं दुकान आहे. सोनारांकडचं जुनं सोनं-चांदी भट्टीत वितळवायचं, तेजाबात, म्हणजे ॲसिडात, टाकून त्यातली भेसळ काढायची आणि शुद्ध माल परत करायचा, हा धंदा. वडूजपासून खाली सांगली जिल्ह्याच्या हद्दीपर्यंत आमच्याकडची गावंच्या गावं या धंद्यात देशभर पांगली आहेत. तेजाबाचा धूर वर्षभर छातीत जातो आणि गावी येऊन आडवं झालं की तो खोकल्यातून बाहेर येतो. आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, दारातून म्हणते, "आला का गं बाई तुझा बा, का नुसता खोकलाच आलाय?"

ती हे माझ्या मुलीला म्हणते. मुलगी आक्काकडं राहते, गावच्या शाळेत जाते. मी आणि बायको तिकडं दुकानावर. मुलगी इथं कशी राहिली ते पुढं येईलच.

यंदाही चैत्रात जत्रेला आलो, बायको मागं दुकानावर. जत्रेला सगळे गलाईवाले येतात. वर्षभर कुलपात असलेले बंगले उघडतात, पाण्याच्या टाक्या धुतल्या जातात, गल्लीत केरळपासून आसामपर्यंतच्या भाषा ऐकू येतात. आणि जत्रेत आमच्याकडं एक रीत आहे. ज्या पोराला दुकानावर न्यायचं ठरलं, त्याला दुकानाचा मालक जत्रेत नवी चप्पल घेऊन देतो. बैठक नाही, बोलणं नाही. पोराच्या पायात कोरी चप्पल दिसली की बाया त्याच्या आईला विचारतात, "कवा निघतोय?" मी आठवीत होतो तेव्हा लांबच्या एका चुलत्यानं मला अशीच चप्पल घेतली. शाळेत माझं नाव अजून हजेरीत होतं, आणि मी कोईमतूरच्या गाडीत होतो.

हे सगळं मला ठाऊक. तरी यंदा पाळण्यापाशी मुलीच्या चपलेचा अंगठा तुटला, आणि मी शेजारच्या दुकानातून तिला नवा जोड घेऊन दिला. मनात काही नव्हतं. ऊन होतं, पाय पोळत होते, एवढंच. ती मात्र चप्पल घालून बराच वेळ खाली बघत उभी राहिली. मला वाटलं, रंग आवडला.

दोन दिवसांनी शाळेतनं सांगावा आला. बाईंनी बोलावलंय. दाढी केली, धुतलेला शर्ट घातला आणि गेलो.

बाई वाईकडच्या, चार वर्षांमागं बदलून आलेल्या. सातवीला सगळे विषय त्याच शिकवतात. त्यांनी मला खुर्ची दिली. मी तिच्या कडेला टेकलो.

"मुलीला घेऊन चाललात म्हणे?"

"न्हाई बाई. कोण म्हणालं?"

"तीच म्हणाली. वाचायला नेलेली पुस्तकं परत केली. खिडकीजवळची जागा मैत्रिणीला देऊन टाकली. काल डबा खाताना मुलींनी तिला निरोपसुद्धा दिला. पेढे होते." बाईंनी हजेरीपट मिटला. "आमची शाळा सातवीपर्यंत. आठवीला दुसऱ्या गावच्या हायस्कूलला जायचं, यष्टीनं. या टप्प्यावर गेलेली मुलगी परत शाळेत येत नाही हो. मी बघितलंय."

मला काही कळेना. घरी येऊन आक्काला विचारलं, तर ती कपाळावर हात मारून हसली. "आरं येड्या, तूच चप्पल घिऊन दिलीस की जत्रंत! गावात समद्यांना ठावं झालंय. मला वाटलं मला न सांगताच ठरवलंस, म्हणून मी तुझ्यावर फुगून हाय दोन दिस."

मुलगी आत होती. ती बाहेर आली. "म्हंजे नेणार न्हाई?"

मी म्हणालो, "तुझी चप्पल तुटली हुती म्हणून घेतली."

ती परत आत गेली आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलायची बंद झाली. जेवायला वाढायची, पाणी द्यायची, पण बोलणं आक्काशी. "आत्या, इचार त्यास्नी, भाकरी पायजे का."

मी परत बाईंकडं गेलो. काय करू म्हणून विचारायला. माझ्या ओळखीत शिकलेलं असं त्यांच्याशिवाय कोण होतं? बाई म्हणाल्या, "बुधवारी स्थलांतर आणि निर्वासित हा विषय घेतेय. तुम्ही वर्गात या. तुमचं सांगा."

"बाई, मी आठवीबी पुरी केली न्हाई."

"मग काय झालं? परीक्षा तुमची नाहीये."

बुधवारी सकाळची शाळा. उन्हाळ्यात मुलं सातला येतात आणि अकराला सुटतात. मी मागच्या बाकावर गुडघे दुमडून बसलो. मुलगी पुढं बसलेली. तिनं वळून पाहिलं नाही.

बाईंनी फरशीवर खडूनं एक चौकोन काढला. "ही तुमची पिशवी. गावावर संकट आलंय. लढाई म्हणा, दंगल म्हणा. आत्ताच्या आत्ता घर सोडायचंय. परत कधी येणार, येणार का, माहीत नाही. पिशवीत मावेल तेवढंच न्यायचं. सांगा."

"मोबाइल!"

"चार्जर बी घे की, शान्या."

"बाई, म्हस मावत न्हाई ह्यात."

वर्ग हसला. एकजण म्हणाला, "म्हशीला आज्जी बघंल की."

"आजी पण निघालीय," बाई म्हणाल्या. "आता म्हशीला कोण बघणार?"

ज्यानं म्हस काढली होती तो म्हणाला, "दावं सोडून द्यायचं बाई. बांधून ठिवली तर मरंल." मग कुणी हसलं नाही.

एका मुलीनं घराची किल्ली सांगितली. बाईंनी तीच धरली. जगात अशी कितीतरी माणसं आहेत, म्हणाल्या, जी किल्ली घेऊन सरहद्द ओलांडतात आणि तंबूत राहतात. किल्ली असते, घर उभं आहे का पडलंय ते ठाऊक नसतं. आपल्या गावात पण किती घरांना कुलपं आहेत बघा. पण ती आपण आपल्या हातानं लावली, आणि जत्रेला आपणच काढतो. तुमचे वडील कामासाठी गेले, ते स्थलांतरित. कारखान्यावर ऊस तोडायला येतात, तेही. धरणात ज्यांची गावं गेली, ते विस्थापित. आणि जिवाच्या भीतीनं देश सोडून पळावं लागतं, मागं फिरायची सोय नसते, ते निर्वासित.

तेवढ्यात मधल्या बाकावरचा एक पोरगा माझ्या मुलीकडं बोट करून म्हणाला, "बाई, मग ही आमची निर्वासित! मद्रासची. आता परत निघाली हुती, पण बापानं न्हेलीच न्हाई."

मी मान खाली घातली. मुलगी उठली.

"हाय मी निर्वासित. लॉकडाऊनमधी आनलं मला. चार दिस ऱ्हायचं म्हनून आनलं. कुनी इचारलं न्हाई मला, आनताना न्हाई आन ठिवतानाबी न्हाई."

बाई तिला बस म्हणाल्या नाहीत. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "या पुढं."

फळ्यापर्यंत कसा गेलो ते ठाऊक नाही. वर्गात उभं राहिल्यावर कुठं बघायचं हेच मला कळेना, म्हणून मी खिडकीखालचा कोपरा बघितला आणि बोलायला तोंड फुटलं.

"त्या कोपऱ्यात झोपलोय मी. ही पोरगी, तिची आई आन मी. ह्याच खोलीत."

पोरं वळून कोपरा बघायला लागली.

लॉकडाऊनचं सांगितलं. दुकान बंद, सोनार बंद, घरात होतं ते संपलं. शेजारी एक शिंपी होता, त्याची बायको रोज आमच्या दारात भाताचं भांडं ठेवायची. आम्ही तिच्या जातीचे नाही, भाषेचे नाही. भांडं धुऊन परत द्यायला गेलो तर म्हणायची, उद्या कशात देऊ मग, तुमच्याकडंच राहू दे. मग गाड्या सुटल्या, आम्ही गावी आलो, तर गावानं वेशीवरच अडवलं आणि शाळेत ठेवलं. आक्का फाटकाबाहेर भाकरी ठेवून लांब जाऊन उभी राहायची. माझा सख्खा चुलतभाऊ रस्त्याच्या पलीकडनं, तोंडाला टॉवेल लावून बोलायचा. मला राग नाही त्याचा. त्याच्याही घरात लेकरं होती. पण तिकडं परका आणि इकडंही फाटकाच्या आत, असं दोन आठवडे काढले. पुढं दुकान उघडायची वेळ आली. तिकडच्या शाळा बंद, इथं पोरगी आक्काला बिलगलेली. म्हणालो, राहू दे थोडे दिवस.

"किती दिस?" मागनं कुणीतरी विचारलं.

"अजून हाय की ती हितंच," मी म्हणालो.

मग मुलगीच बोलली. चार दिवसांनी पहिल्यांदा, माझ्याशी. "पप्पा, तुमाला इचारलं हुतं का? जायचं का म्हनून?"

"न्हाई. चप्पल घेतली."

सगळा वर्ग खो खो हसला. त्यांना सांगायची गरज नव्हती. बाईंना मात्र कुणीतरी रीत समजावून सांगितली आणि त्यांच्या चेहऱ्यावर पेढ्यांचा उलगडा झालेला दिसला.

"रडला हुता?" मुलीनं विचारलं.

"गाडीत. संडासाचं दार लावून."

"मग माघारी का न्हाई आला?"

बाई मध्ये पडल्या. आवाज मऊ होता, पण सूट दिली नाही. "आपण एक नीट समजून घेऊ. तुम्ही दोघंही निर्वासित नाही. मागं फिरलात तर तुम्हाला कुणी मारणार नव्हतं. ज्यांना मारतात त्यांचा शब्द आपण असाच उचलायचा नाही." मुलगी खाली बघायला लागली. "पण विचारलं नाही हे तुझं म्हणणं खरं आहे. त्याला निर्वासित असावं लागत नाही." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "विचारा ना तिला."

"हितं?"

"बाहेर जाऊन विचारणार आहात का?"

त्या बरोबर होत्या. बाहेर मी विचारलं नसतं. पण पस्तीस पोरांच्या पुढं मराठीत माझ्यानं विचारवेना. मी तमिळमध्ये विचारलं, काय करायचंय तुला?

ती दचकली. मग अडखळत, शब्द शोधत, तिनंही तमिळमध्येच सांगितलं. यायचंय. आईजवळ झोपायचंय. तिथल्या शाळेत जाईन.

पोरं एकमेकांना ढोसत होती, "काय म्हनली? काय म्हनली रं?"

मीही तमिळमध्येच तिला खरं ते सांगितलं. तिथं आठवीत घेतील, पण तुला ती अक्षरं आता वाचता येत नाहीत. महिनाभर जाशील, मग वर्गात लाज वाटेल, मग दुकानाच्या माडीवर आईबरोबर कामगारांच्या चपात्या लाटशील. दोन-तीन वर्षांत पाहुणे स्थळं घेऊन येतील.

"तुम्ही नाही म्हणणार नाही?"

"म्हणेन. पण माझ्यानं टिकेल का, याची मला भीती वाटते. मी कुणापुढं टिकलेला माणूस नाही."

बाप म्हणून असं बोलणं बरं नव्हे. पण ती माझ्याकडं नीट बघत होती. तिनं विचारलं, इथं राहिले तर किती वर्षं? मी म्हणालो, मला माहीत नाही. ती म्हणाली, मग दर जत्रेला विचारायचं. विचारल्याशिवाय काही ठरवायचं नाही, नेण्याचं नाही आणि ठेवण्याचंही नाही. यंदाचं मी सांगेन नंतर.

मी हो म्हणालो. ती खाली बसली.

"काय ठरलं?" बाईंनी विचारलं.

"काय न्हाई बाई," ती म्हणाली. "घरचं हाय."

तास संपला. बाईंनी फळा पुसायला घेतला. मी त्यांना काहीतरी आभाराचं बोलणार होतो, पण माझ्या तोंडून "येतो बाई" एवढंच निघालं.

दोन दिवसांनी मी मिरजेहून एकटाच गाडीत बसलो. तिनं अजून काही सांगितलं नव्हतं. एप्रिल गेला, मे गेला. रोज फोनवर ती आईशी बोलायची, मला परीक्षेचं सांगायची, निकाल सांगायची. मुद्द्याचं बोलायची नाही. मीही विचारलं नाही. एकदा विचारलं होतं, तेवढंच माझ्याच्यानं झालं होतं. बायको म्हणायची, "परत इचारा की." मी भट्टीकडं वळायचो.

जूनमध्ये हायस्कूल सुरू झालं त्या सकाळी हातून एकही काम नीट होईना. तेजाबाचं झाकण उघडंच राहिलं, कामगार ओरडला. मी बाहेर रस्त्यावर येऊन आक्काला फोन लावला.

"गेली का?"

"सकाळी सकाळी काय रं जीव खातोस? यष्टी लेट हाय. फाट्यावर उभी हाय पोरींसंगं. हितनं दिसत्याय."

"फोन चालू ठिव."

"आरं, माझं दूध चुलीवर हाय."

"आक्का, ठिव चालू."

तिनं ठेवला. मला इकडं कोंबडा ऐकू आला, कुणाची तरी मोटारसायकल, मग लांबनं यष्टीचा हॉर्न. माझ्यासमोर एक सोनार पुडी घेऊन उभा होता, त्याला मी हातानं थांब म्हणालो.

"आक्का?"

"बसली. खिडकीपाशी बसली."

"काय म्हनली जाताना?"

"म्हनली, पप्पांचा फोन आला तर सांग, ह्या वर्षापुरती जात्याय. पुढचं जत्रंत इचारा म्हनाव."

"बरं," मी म्हणालो. "बरं म्हनाव तिला."

"मी कशाला म्हनू? संध्याकाळी येईल की घरी, तूच म्हन." आणि तिनं फोन ठेवला, दूध उतू गेलं असेल म्हणून.