पूजेला काढलेली जाळी

कापूरहोळवरून भोरकडं वळलं की थोडं पुढं, रस्त्याला लागूनच आमची भातगिरणी आहे. आमची म्हणजे मालकाची. मी आणि माझी धाकटी जाऊ तिथं कामाला. दारावर मालकानं पिवळ्या रंगात मोठ्ठं लिहून घेतलंय, 'सुरक्षा प्रथम'. ते वाचलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मालक आमच्याच गावचा. माणूस वाईट नाही, असं सगळे म्हणतात. आजारपणात गाडी काढून देतो, सणाला घरी बोलावतो. खरं आहे ते. पण गिरणी सुरू झाली की ह्या माणसाला सांडलेल्या दाण्याशिवाय काही दिसत नाही. "लक्ष्मी पायाखाली तुडवू नका गं!" दिवसभर हाच घोष. पट्ट्याखाली मूठभर तांदूळ पडला की आम्ही झाडू घेऊन पळायचं, तेही मशीन चालू असताना. बंद करून झाडा, असं त्याच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

मोटरवरून मशीनला जो पट्टा जातो, त्याच्यावर लोखंडी जाळी असते. असते म्हणजे असायला हवी. खंडेनवमीला पूजेसाठी ती काढतात, कारण देवाला काय जाळीच्या बाहेरून कुंकू लावायचं? मग आतल्या चाकाला हळदकुंकू, झेंडूची माळ, पुढं नारळ. पान्हे, पक्कड, हातोडी पाटावर मांडून त्यांचीही पूजा. पूजलेल्या हत्याराला दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही, ही आमच्याकडची रीत. आता पान्हाच पाटावर बसलाय म्हटल्यावर जाळीचे बोल्ट आवळणार कोण? दसरा झाला, सोनं वाटून झालं, पान्हा उठून पेटीत गेला. जाळी मात्र कोपऱ्यात भिंतीला टेकून तशीच. दिवाळीनंतर नवं इंद्रायणी भात यायला लागलं, पोत्यांची थप्पी रस्त्यापर्यंत गेली, मग तर कुणाला मान वर करायला सवड नाही.

मी मालकाला म्हणाले, "जाळी बसवून घ्या की."

"बसवू गं. पट्टा सारखा उतरतोय, दरवेळी काढत कोण बसणार?"

मशीन चालवणाऱ्या मामांना म्हणाले, तर ते हसले. "लई भ्याड बाई तू. इतकी वर्षं झाली, काय झालंय का कुणाला?" बाकीच्या बायकाही फिदीफिदी हसल्या. मेल्या त्या हसण्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. जाळी मागणारी भित्री, आणि फिरत्या पट्ट्याखाली हात घालणारी कामाची! असलं कौतुक रोज ऐकल्यावर कोण मागं राहील? जाऊ तर सगळ्यात पुढं. "आमची ही लई चपळ," असं मालक चारचौघांत म्हणायचा आणि ती लाजायची.

एकदा बाहेरचे व्यापारी येणार म्हणून मालकानं पिवळी हेल्मेटं आणली. आम्हाला ओळीत उभं करून फोटो काढला, मोबाईलच्या स्टेटसला ठेवला, हेल्मेटं परत कपाटात. अहो, आमच्या डोक्यावर काय पडणार होतं, कोंडा?

जाऊ साडीवर माझ्या दिराचा जुना शर्ट घालायची. आमच्याकडं सगळ्याच बायका घालतात, कुसळं टोचू नयेत म्हणून. त्या दिवशी बाहीचं बटण तुटलेलं होतं. "अगं, ते बघ किती सांडलंय!" मालक ओरडला. ती वाकली, आणि पट्ट्यानं बाही ओढली. मामांनी मोटरचा खटका पाडला म्हणून अख्खा हात जायचा तरी वाचला. टेम्पोत घालून भोरला नेलं, तिथून पुण्याला. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. वाटेत ती एवढंच विचारत होती, "ओ आक्का, मला भाकरी थापता येईल न्हवं?"

नाही येत. उजव्या हाताची बोटं वळतच नाहीत. तिच्या घरात आता नवरा चुलीपुढं बसतो आणि ती बाजूला बसून सांगत राहते.

आणि मालकानं काय केलं? दुसऱ्या दिवशी मशीनपुढं नारळ फोडला. "देवीची कृपा, थोडक्यात निभावलं," म्हणाला, आणि खटका वर केला. खोबरं सगळ्यांना वाटलं. मी घेतलं नाही. जाळी तिथंच कोपऱ्यात होती, तिच्यावर कुणीतरी रिकामी बारदानं वाळत घातली होती.

शिमगा झाल्यावर जाऊ परत कामावर आली. घर खायला उठतंय म्हणाली. मालक पुढं आला, आवाजात माया होती. "सावकाश काम करायचं होतंस गं बाई."

तिनं खाली बघितलं. "व्हय मालक. माजीच चूक."

मला वाटलं, कुणीतरी माझ्या तोंडात मारली. आधी हात घेतला, आणि वर तिच्याकडूनच कबूलही करून घेतलं! मी काही बोलणार, एवढ्यात मालक म्हणाला, "असू दे, असू दे. डाव्या हातानं झाडता येतंय न्हवं?" आणि ती बिचारी झाडू घेऊन निघाली, त्याच पट्ट्याकडं.

मग माझा तोल गेला. मी तिच्या हातातला झाडू हिसकावला आणि मालकापुढं धरला. "घ्या. तुमी झाडा. सावकाश झाडून दाखवा. मामा, करा चालू!"

या खेपेला कुणी हसलं नाही. मामांनी खटक्याला हात लावला नाही. मालकानं झाडूकडं बघितलं, मग उघड्या पट्ट्याकडं बघितलं, आणि आपसूक त्याचे दोन्ही हात पाठीमागं गेले.

"मामा," तो हळूच म्हणाला, "जाळी आणा ती."

मामांनी बारदानं झटकली, जाळी उचलली, बोल्ट आवळले. चुलीवरचा चहा उकळायच्या आत काम झालं. जाऊ उभी राहून बघत होती. "एवढंच काम व्हतं व्हय, आक्का?" तिनं मला विचारलं.