साळूबाईनं न घेतलेलं नाव

आमच्या कोळवण खोऱ्यात साळूबाईच्या तोंडाला भीत नाही असा माणूस दाखवा, मी त्याला पायलीभर आंबेमोहोर देतो. बाई एकसष्ट वर्षांची, अंगानं काडी, आवाज मात्र ट्रॅक्टरचा. गावचीच लेक, त्यामुळं तिला कुणाची भीड नाही. सरपंचाला चारचौघांत "ए अमोल" म्हणते. मी तिच्याहून नऊ वर्षांनी थोरला, तरी तिच्या लेखी नुसता "हैबत".

फक्त एका माणसाचं नाव तिच्या तोंडून कधी निघालं नाही. वरच्या आळीतल्या भैरूचं. त्याला ती "अवं" म्हणते, आणि तो समोर नसला की "वरचं". हे माझ्या ध्यानात यायला पंधरा वर्षं लागली, माझ्यासारख्या चौकस माणसाला हे शोभत नाही. मग मी पाळतच ठेवली. आमचं ग्रामदैवत भैरोबा. साळूबाई त्यालाही नुसतं "देव" म्हणते. एकदा मुद्दाम विचारलं, यात्रा कुठल्या देवाची गं? म्हणाली, "हितं काय छप्पन देव हायेत व्हय?"

आता आमच्याकडची जुनी बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. नावासारखा दुसरा शब्दही टाळते. माझ्या वडलांचं नाव किसन, तर आई जन्मभर कृष्णाला "गोकुळातला" म्हणत आली. पण भैरू काही साळूबाईचा नवरा नव्हे! तो तिच्याहून एकवीस वर्षांनी मोठा.

साळूबाई सव्वीसाव्या वर्षी सासर सोडून परत आली. नवऱ्यानं दुसरी आणली होती. भावानं तिला भाताची दोन खाचरं दिली आणि हात झटकले. भैरूची बायको त्याआधीच गेलेली, मूलबाळ नाही. तो एकदा बांधावरून जाताना म्हणाला, औत धरायला शिकवतो. गाव हादरलं. बाईनं औत धरलं तर पाऊस पडत नाही, असं जाणती माणसं सांगत होती. त्यांत मीही होतो. त्या वर्षी इतका पडला की माझेच तीन बांध फुटले. तेव्हापासून ही जोडी. रोज सांजच्याला भैरू तिच्या ओट्यावर बिनसाखरेचा चहा पिणार, दोघं बियाण्यावरून भांडणार, आणि दिवेलागणीला तो आपल्या घरी. पस्तीस वर्षं. गावानं बोलून बोलून तोंड दुखवून घेतलं, ह्या दोघांनी एकमेकांशीही त्यातलं अवाक्षर काढलं नाही.

गेल्या चैत्रात ब्याऐंशी वर्षांचा भैरू पेंढ्याच्या गंजीवर चढला आणि खाली आला तो पाय मोडूनच. जीपमध्ये घालून त्याला पौडच्या दवाखान्यात नेला. बरोबर साळूबाई आणि मी. कागद भरणारी मुलगी म्हणाली, पेशंटचं नाव सांगा.

साळूबाईचा ट्रॅक्टर बंद पडला. तिनं माझ्याकडं पाहिलं.

"हैबत, सांग की."

"मला आज ऐकू येईना झालंय," मी म्हणालो. पापी माणूस आहे मी.

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मीच ॲडमिट व्हायचा. मग स्ट्रेचरजवळ जाऊन भैरूच्या बंडीतून आधारकार्ड काढलं आणि मुलीपुढं ठेवलं. मुलगी हसली.

"तुमचे मिस्टर का? आमची आजी पण आजोबांचं नाव घेत नाही."

साळूबाई खाली बघून म्हणाली, "गाववालं हायेत." पण माझ्या एक ध्यानात आलं: इतका वेळ कण्हणारा भैरू कण्हायचा थांबला होता.

दुसऱ्या दिवशी त्याचा पुतण्या स्वानंद वाकडहून आला. पोरगा गुणी. म्हणाला, काका चालायला लागले की मी त्यांना कायमचं घेऊन जाणार, इथं त्यांचं कोण आहे? भैरू "बरं" म्हणाला.

मी त्याला नंतर गाठलं. हे काय रे, म्हटलं, पिकल्या वयात फ्लॅटात?

"माझ्यापायी ती रोज दोन भाकरी जादा थापतीया. कुठवर?"

"तिला विचारलंस?"

"कसं इचारू? आन तिनं तरी काय सांगावं?"

तिकडून उठलो तो थेट साळूबाईकडं. भैरू चालला म्हणून सांगितलं. म्हणाली, जाऊ देत की, तितं लिफ्ट हाय. आणि माझ्यापुढं चहा ठेवला. त्यात साखरेऐवजी मीठ होतं. मी गप पिऊन टाकला. माझ्या हातून असं पुण्य क्वचित घडतं.

आषाढातल्या एका रविवारी स्वानंद गाडी घेऊन आला. निरोपाला सगळी आळी जमली, साळूबाई नाही. भैरू दोनदा खालच्या वाटेकडं बघून पुढच्या सीटवर बसला. ओढ्यापर्यंत सोडतो म्हणून मी मागं.

ओढ्याच्या अलीकडं भैरूची चार खाचरं. यंदा तो जाणार म्हणून बी पेरायचा राब भाजला नव्हता, रोपच नव्हतं, खाचरं पडीक राहायची. आणि बघतो तर दीड खाचर हिरवं! सात-आठ बाया वाकून लावणी करतायत, सगळ्यांत पुढं साळूबाई.

गाडी थांबली. भैरू काठी टेकत बांधावर गेला.

"हे रोप कुणाचं?"

"माझं जादा झालं," ती वाकूनच म्हणाली. "टाकून द्यायचं व्हय?"

"अगं, पण मी चाललोय."

"जावा की. पर खेकडं बांध पोखरतील तवा पानी कोन आडवणार? पाखरं कोन हाकणार? मला माझंच निस्तरंना."

बायांनी माना आणखी खाली घातल्या. कुणाचीतरी पाठ हसण्यानं हलत होती. भैरूनं काठीनं बांधाची माती दाबून बघितली. मग पुतण्याकडं वळला.

"लावल्यालं भात सोडून जात न्हाईत, बाबा. दिवाळीपातूर हितंच हाय मी."

"आणि दिवाळीनंतर, काका?"

उत्तर चिखलातून आलं. "मग झोडणी. मग मळणी. मग फुडचा राब. ए स्वानंद, बूट काढ आन त्या रोपाच्या मुठी हिकडं आन."

वाकडचा इंजिनिअर बूट काढून गुडघाभर चिखलात उतरला. मी गाडीतली भैरूची पिशवी काढून खांद्याला लावली. भैरू बांधावर बसला, काठी आडवी ठेवली आणि म्हणाला, "वळ वाकडी चाललीया तुझी."

मी वाकून पाहिलं, ओळ खरंच वाकडी होती. पस्तीस वर्षांत साळूबाईची ओळ मी पहिल्यांदाच वाकडी पाहिली.