वैनगंगेपलीकडची दारूबंदी आणि प्रमिलाच्या दाराची कडी

गडचिरोलीला मार्चमध्ये जावं, मोह गळायला लागला की, असं मी सगळ्यांना सांगत फिरते. यंदा मात्र बॅग भरायलाच मला चार दिवस लागले. तिथल्या एका खेड्यात माझी मावसबहीण प्रमिला राहते. तिचा नवरा नामदेव दिवाळीनंतर गेला आणि मी तेरवीलाही गेले नाही. कामाचं निमित्त सांगितलं होतं. खरं म्हणजे तिला तोंड दाखवायची हिंमत नव्हती.

नागपूरहून मूलपर्यंत एसटीनं चार तास धरा. मूलला स्टँडबाहेर तर्री-पोहे खाऊन घ्या, पुढे पोटाला आधार मिळेलच असं नाही. सावली गावावरून पुढचा रस्ता बरा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातली दारूबंदी उठून काही वर्षं झाली, त्यामुळे बारच्या पाट्या नदीपर्यंत सोबत करतात. वैनगंगेचा पूल ओलांडला की एकही नाही, गडचिरोलीत तीस वर्षांहून जास्त काळ बंदी आहे. शेजारच्या सीटवरच्या आजोबांना मी कौतुकानं म्हटलं, "इकडे बरं आहे, दारूच नाही."

"पाटी नाई बाई," ते म्हणाले, "दारू हाये."

गडचिरोलीहून पुढे काळी-पिवळी जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा तासभर वाया जाणार हे गृहीत धरा.

दुसऱ्या दिवशी उजाडताच प्रमिला आणि मी मोहफुलं वेचायला गेलो. ओणव्यानं वेचून माझी कंबर धरली, प्रमिलाची टोपली भरत आली होती. वेचता वेचताच ती नामदेवविषयी बोलली. गावातल्या बायांनी दारूच्या भट्ट्या बंद केल्या, तेव्हा दारूसाठी आंबवलेला मोहाचा सडवा नालीत ओतणाऱ्यांत तीच पुढे होती. बायांनी नियमही केला होता: पिणाऱ्या नवऱ्याला तीन दिवस घरात ठेवायचं, बाहेरून कडी घालायची. तिनं नामदेवलाही तसंच कोंडलं. दुसऱ्या दिवशी त्याचे हात कापायला लागले, त्याला भिंतीवर मुंग्याच मुंग्या दिसायला लागल्या.

तेव्हा तिनं मला फोन केला होता. "ताई, थोडीशी देऊ का त्याले? नाई तर दवाखान्यात नेऊ?"

मी दारूबंदीची कट्टर. नागपुरात बसून, चहाचा कप हातात धरून, मी तिला सांगितलं, "अजिबात नाही. नाटकं असतात ही. कडी काढू नकोस." तिसऱ्या दिवशी त्याला झटके आले आणि दवाखान्याच्या वाटेवरच तो गेला. वर्षानुवर्षांची दारू एकदम तुटली की असं होऊ शकतं, वेळेत औषध मिळालं तर माणूस वाचतो, हे तिला डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

दुपारी समाजमंदिरात बायांची बैठक होती. शेजारच्या टोल्यावरची, म्हणजे छोट्या वस्तीवरची, भट्टी दुसऱ्या दिवशी फोडायची होती.

"फोडूच," प्रमिला म्हणाली. "पन आधी पिनाऱ्याहिले दवाखान्यात दाखवा. औषध सुरू होऊ द्या."

"बेवड्याहिचे लाड काऊन?" एकीनं विचारलं. "तूच तं म्हने कडी लावा."

"लावली ना. म्हनूनच मेला तो."

म्हाताऱ्या यशोदाबाई म्हणाल्या, "हात जोडून राह्यला होता बिचारा. कडी काऊन नाई काढली? कोनं अडवलं तुले?"

मी प्रमिलाच्या शेजारीच बसले होते. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कोनी नाई. माह्यंच डोकं."

आणि मी गप्प बसले. भट्टी फोडणं आठवडाभर पुढे ढकललं गेलं, चौघा पिणाऱ्यांना दवाखान्यात न्यायचं ठरलं. यशोदाबाईंनी सगळ्यांना चहा दिला, तोही मी प्यायले.

नागपूरला येऊन दहा दिवस झाले. बंदी असावी की नसावी, हे मला आता छातीठोकपणे सांगता येत नाही. भट्टी बंद झाल्यावर ज्यांचा मार थांबला अशा बायांशीही मी तिथे बोलले. पण नुसतं बंद करून आपण मोकळे होतो आणि आजारी माणूस कडीच्या आत राहतो, एवढं मला कळलं. फार उशिरा कळलं.

काल धीर करून प्रमिलाला फोन लावला. चौघांची औषधं सुरू आहेत म्हणाली. मी विचारलं, "बैठकीत माझं नाव का नाही घेतलंस?"



"तू पाव्हनी होतीस ना, ताई."