ताट धुऊन पिणारा हिरवा पाहुणा

संतपुरात कुणाकडे लग्न निघालं की कडक भाकऱ्यांचं काम गंगव्वाकडे जातं. ज्वारीची भाकरी ती इतकी पातळ थापते की पापड लाजावा. नवरा लवकर गेला. तेव्हापासून याच भाकऱ्यांवर तिनं घर चालवलं आणि एकुलत्या सिद्धलिंगला वाढवलं. तिचं घर माझ्या किराणा दुकानाला लागून आहे. बाई तोंडाची फटकळ, आणि मीही काही मुका नाही, त्यामुळे आमचं बरं जमतं.

अन्नाच्या बाबतीत मात्र तिच्यापुढे कुणाचं चालत नाही. घर बसवण्णांना मानणारं, त्यामुळे अन्न म्हणजे प्रसाद. जेवण झालं की ताटात पाणी ओतायचं, बोटांनी ताट स्वच्छ धुवायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं. एक शीतही वाया जाता कामा नये. माझी बायको सत्यभामा भांडी घासताना मला ऐकवते, "बघा, शिका जरा गंगव्वाक्काकडून."

सिद्धलिंगला लहानपणापासून नाटकाचं वेड. बी.ए. झाला, पण कुठं मन लागेना, म्हणून हैदराबादला गेला. तिथं मालिकांमध्ये बारीकसारीक कामं मिळू लागली. कधी गर्दीत, कधी पाठमोरा. गावातले रिकामटेकडे विचारायचे, "अक्का, पोरगा दिसंना की टीव्हीत?" ती म्हणायची, "दिसंल. तुमच्यासारखा पारावर बसलाय व्हय त्यो?" फोनवर मात्र तिचा एकच प्रश्न असायचा, "जेवलास का?"

गेल्या उन्हाळ्यात तो गावी आला, तेव्हा जेवून तसाच उठला. गंगव्वानं न धुतलेल्या ताटाकडे बोट दाखवलं.

"अव्वा, तिकडं मेसमदी लोकं हसतात," तो म्हणाला. "मी सोडलंय ते."

 त्याच्या ताटात तिनं पाणी ओतलं, धुतलं आणि स्वतः प्यायली. मी ओसरीवर होतो. पोराच्या कानाखाली एक द्यावीशी वाटली.

दिवाळीनंतर त्याचा फोन आला. तेलुगूतली एक विनोदी मालिका होती, अंतराळात घडणारी, आणि तिच्या एका भागात त्याला मोठं काम मिळालं होतं. "अव्वा, पुरा भाग माझ्यावरच हाय!" त्या आनंदात गंगव्वानं गल्लीभर साखर वाटली. शूटिंग संपवून तो मोटारसायकलवर गावाकडे निघाला आणि झहीराबादजवळ ट्रकनं त्याला उडवलं.

त्यांच्यात मेलेल्या माणसाला बसवून माती देतात. तोंड उघडं असतं, आई डोळे भरून बघून घेते. सिद्धलिंगचं तोंड पट्ट्यांमध्ये गुंडाळलेलं होतं, आणि ते उघडण्यासारखं राहिलं नव्हतं. "मला त्याचं तोंड दावा रं," गंगव्वा एकेकाचा हात धरून म्हणत होती. कुणीच दाखवलं नाही. काय दाखवणार?

म्हणूनच त्याच्या हैदराबादच्या खोलीतला सोबती अरुणकुमार जेव्हा फोनवर म्हणाला, की तो भाग रविवारी संध्याकाळी लागणार आहे, तेव्हा गंगव्वाच्या जिवात जीव आला. रविवारी ती कपाळाला विभूती लावून आमच्याकडे आली आणि टीव्हीसमोर अगदी जवळ बसली. "आता दिसंल," म्हणाली.

मालिका सुरू झाली. वाट चुकलेलं एक यान होतं, त्यात पाणी संपत आलेलं, आणि थेंब थेंब मोजणारा घाबरट कप्तान. तेवढ्यात दार ठोकून परग्रहावरचा पाहुणा आत आला. डोक्यापासून गळ्यापर्यंत हिरवा रबरी मुखवटा, त्यावर तीन डोळे. आवाजही कुणा दुसऱ्याचाच, किनरा.

"ह्यातला आपला कुठला?" गंगव्वानं विचारलं.

सत्यभामानं माझ्याकडे पाहिलं. सांगणं मलाच भाग होतं. "अक्का, त्यो हिरवा."

ती आणखी पुढं सरकून त्या तीन डोळ्यांत बघू लागली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली. "ऱ्हाऊ द्या, आप्पाराव. हितं बी झाकलंच हाय त्याला."

ती उंबऱ्यापर्यंत पोचली, आणि सत्यभामा ओरडली, "अक्का, बघा, बघा!"

पाहुण्याचं जेवण झालं होतं. त्यानं कप्तानापुढचा पेला उचलून पाणी ताटात ओतलं. कप्तान किंचाळला. पाहुणा निवांतपणे बोटं फिरवून कडा धुवत होता. मग त्यानं ताट दोन्ही हातांनी उचललं आणि मुखवट्याच्या फटीतून ते पाणी पिऊन टाकलं.

"सिद्ध्या," गंगव्वा म्हणाली आणि तिथंच खाली बसली.

टीव्हीत हशा उसळला. मालिकेत भरलेला तो हशा थांबता थांबेना.

"लोकं हसायलेत कामून?" तिनं मला विचारलं. मी त्या टीव्हीला अशी शिवी हासडली की सत्यभामानं कान झाकले. 

पुढं अरुणकुमारनं सांगितलं, हे लिहून दिलेलं नव्हतंच. तालमीत खरं जेवण वाढलं होतं. पोट भरलं, ताट समोर होतं, हात आपोआप गेला. सगळे हसले, सिद्धलिंग ओशाळला, आणि दिग्दर्शक म्हणाला, हेच ठेव.

अरुणकुमारनं तेवढा तुकडा माझ्या मोबाईलवर पाठवला आहे. गंगव्वा अधूनमधून दुकानात येते. काही मागत नाही, नुसती उभी राहते. मी आवाज पूर्ण बंद करून मोबाईल तिच्या हातात देतो. हिरवा पाहुणा ताट धुतो, पितो, खाली ठेवतो.

"जेवला," ती म्हणते, आणि मोबाईल परत देऊन भाकऱ्या थापायला जाते.